निकोबारची भरपाई हरियाणात

मराठी माणसाचं अंदमान सेल्युलर जेलपाशी सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. सावरकरांची कोठडी, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी हॅवलॉकची बोट, दोन दिवस समुद्रकिनारा आणि परतीचं विमान. पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं, हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, पण सहलीचा नकाशा तोच राहिला. त्या नकाशाच्या कितीतरी खाली, पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला सुमारे पाचशे किलोमीटरवर, आपल्या देशाचं शेवटचं बेट आहे: ग्रेट निकोबार. तिथून पोर्ट ब्लेअरपेक्षा इंडोनेशियातलं सुमात्रा बरंच जवळ पडतं. क्षेत्रफळ सुमारे ९१० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून जेवढे होतात त्याच्या दीडपट. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या भरली जेमतेम आठ हजार.

या बेटावर तीसेक वर्षांत साडेतीन लाख माणसं वसवायचं घाटतं आहे.

प्रकल्पाची मूळ कल्पना नीती आयोगाची. ऑक्टोबर २०२२मध्ये वनजमीन वळवायला तत्त्वतः मान्यता मिळाली, नोव्हेंबरमध्ये पर्यावरण मंजुरी. तेव्हाचा खर्चाचा अंदाज ७२ हजार कोटी रुपये. नंतर तो आणखी वाढला. गॅलथिया उपसागरात मोठ्या जहाजांचं कंटेनर बंदर, शेजारी विमानतळ, वीजनिर्मिती केंद्र आणि नवं शहर असे त्याचे चार भाग. एकूण जागा १६६.१० चौरस किलोमीटर, त्यातलं १३०.७५ चौरस किलोमीटर जंगल.

प्रकल्पाच्या बाजूने जे सांगितलं जातं ते उडवून लावण्यासारखं नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा जगातला अत्यंत गजबजलेला जहाजमार्ग या बेटाच्या दक्षिणेकडून जातो. भारताचा बराचसा माल मोठ्या जहाजांवर चढवायला आजही कोलंबो, सिंगापूर आणि मलेशियातल्या क्लांग बंदरात न्यावा लागतो आणि त्याचे पैसे त्यांना मिळतात. चीनचं आरमार हिंदी महासागरात वावरत असताना दक्षिण टोकावर आपलं ठाणं असावं, हेही कुणी नाकारत नाही. पण असं ठाणं तिथे आहेच. कॅम्पबेल बे इथला ‘आयएनएस बाज’ हा नौदलाचा हवाईतळ २०१२मध्ये सुरू झाला. तो वाढवायला कुणाची फारशी हरकत असेल असं वाटत नाही. आता आकडे मांडून बघू. बंदराला ७.६६ चौरस किलोमीटर, विमानतळाला ८.४५, वीजकेंद्राला ०.३९. उरलेले १४९.६० चौरस किलोमीटर शहराला. म्हणजे दर शंभर एकरांतले नव्वद एकर गृहनिर्माण, पर्यटन आणि व्यापाराचे आहेत. सुरक्षेच्या नावाने मागितलेल्या जागेत सुरक्षेचा वाटा किती, हे या चार आकड्यांवरून ज्याने त्याने ठरवावं.

आणि जागा मागितली आहे ती कुठली? बेटाचं बरंचसं अंतरंग आजही अखंड वर्षावनाचं आहे. १९८९मध्ये इथे जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर झालं आणि २०१३मध्ये युनेस्कोने त्याला आपल्या जागतिक जाळ्यात घेतलं. कॅम्पबेल बे आणि गॅलथिया ही दोन राष्ट्रीय उद्यानं याच बेटावर. बेटाचा मोठा भाग, सुमारे ७५१ चौरस किलोमीटर, आदिवासी राखीव म्हणून अधिसूचित आहे. १९५६च्या आदिम जमाती संरक्षण विनियमाप्रमाणे तिथे परवानगीशिवाय बाहेरच्याला पाऊल टाकता येत नाही. म्हणजे कायद्यांची वानवा नाही. एवढी संरक्षणाची कवचं एकाच जागेवर असणं देशात विरळा.

गॅलथिया हे नाव नदीलाही आहे आणि ती जिथे समुद्राला मिळते त्या उपसागरालाही. १८४५ ते १८४७ या काळात जगप्रदक्षिणेला निघालेल्या एका डॅनिश जहाजाचं ते नाव. या उपसागराच्या वाळूवर लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. आपल्याकडे वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं टोपलीखालून निघून समुद्राकडे धावताना अनेकांनी पाहिली आहेत. ऑलिव्ह रिडलेची मादी भरते चाळीसेक किलो. लेदरबॅकची मादी तीनशे ते पाचशे किलोंची असते. तिच्या पाठीवर कठीण कवच नसतं, तर जाड कातडी असते आणि तिच्यावर लांबच लांब उभे कंगोरे. जेलीफिशवर जगणारा हा प्राणी हजार मीटरपेक्षाही खोल बुडी मारतो. लिटल अंदमानच्या किनाऱ्यावर अंडी घातलेल्या माद्यांना शास्त्रज्ञांनी उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावली, तेव्हा काही ऑस्ट्रेलियाच्या बाजूला गेल्या, तर काही थेट आफ्रिकेच्या दिशेने. इतका समुद्र पालथा घालणारी मादी अंड्यांसाठी मात्र मोजक्या किनाऱ्यांवर येते, आणि भारताच्या मुख्य भूमीवर आज असा एकही किनारा उरलेला नाही. रात्री ती स्वतःला ओढत भरतीच्या रेषेवर येते, मागच्या वल्ह्यांनी आळीपाळीने वाळू उपसून हातभर खोल खड्डा करते, ऐंशी-शंभर अंडी घालते, वाळू दाबते आणि निघून जाते. तिला हवा असतो उघडा, उताराचा, अंधारा किनारा.

२००४च्या त्सुनामीत हा किनारा पार खरवडून निघाला. पुढच्या काही वर्षांत लाटांनी आणि नदीने वाळू पुन्हा आणून टाकली आणि कासवं परतली. बंदराची आखणी पाहिली की खरी अडचण कळते. जहाजांना संथ पाणी लागतं, म्हणून उपसागराच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी ब्रेकवॉटर घालायचे आणि मधे अरुंद वाट ठेवायची. त्या वाटेने जहाजंही येणार आणि कासवंही. वाळू आणणारे प्रवाहही तिथेच अडणार, आणि गोद्यांचे दिवे रात्रभर जळत राहणार. मंजुरीच्या अटींत कासवांसाठी दिवे, गाळ, जहाजांची ये-जा यांबद्दल बरंच काही लिहिलेलं आहे; लिहिणाऱ्याची तळमळ खरी असेलही. पण १९९७मध्ये कासवांसाठीच जाहीर केलेलं गॅलथिया उपसागर अभयारण्य जानेवारी २०२१मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने रद्द करायला मान्यता दिली. गंमत म्हणजे त्याच सुमारास त्याच पर्यावरण मंत्रालयाने समुद्री कासवांचा राष्ट्रीय कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि त्यात हा किनारा महत्त्वाच्या जागांमध्ये मोजला.

कासवाच्या शेजारी, वाळू संपून झाडी सुरू होते तिथे, मेगापोड राहतो. कोंबडीएवढा, तपकिरी, मोठ्या पायांचा हा पक्षी निकोबारखेरीज कुठेच सापडत नाही. तो अंडी उबवत नाही. वाळू, पालापाचोळा, पोवळ्यांचा चुरा पायांनी ओढून तो मोठा ढिगारा रचतो आणि अंडी त्यात पुरतो. पाला कुजताना जी ऊब तयार होते तिच्यावर अंडी वाढतात. पिल्लू बाहेर येतं ते पिसांसकट आणि आईबापांची ओळखही न होता आपल्या वाटेने चालू लागतं. ढिगारे किनाऱ्यालगतच असतात, त्यामुळे त्सुनामीत या पक्ष्याची सुमारे ७० टक्के संख्या नाहीशी झाली. उरलेल्यांनी पुन्हा ढिगारे रचले ते किनाऱ्याच्या त्याच चिंचोळ्या पट्ट्यात, आणि आता बंदराला लागणारा पट्टाही तोच आहे.

या सगळ्याची भरपाई होणार, असं सरकारी कागद सांगतात. प्रकल्पाचा हा भाग मला सगळ्यात बोलका वाटतो, म्हणून तो जरा सावकाश पाहू.

तोडायच्या झाडांचा सरकारी अंदाज संसदेत सांगितला गेला तो ९ लाख ६४ हजारांचा. त्याबदली पर्यायी वनीकरण होणार हरियाणात. अडीच हजार किलोमीटरपेक्षा दूर, जिथे पाऊस निकोबारच्या एका छोट्या हिश्शाएवढा पडतो. विषुववृत्ताजवळचं दमट वर्षावन पाडायचं आणि अरवलीच्या उतारावर रोपं लावायची, हा व्यवहार कायद्याच्या चौकटीत बसतो. आपल्याकडे वनीकरण हेक्टरांत मोजतात आणि हेक्टर सगळीकडे सारखाच असतो. अरवलीला झाडं हवीतच. पण ती अरवलीसाठी लावावीत. हरियाणातल्या रोपावर निकोबारचं झाडचिचुंद्र चढणार नाही आणि त्याखाली नारळ फोडणारा दरोडेखोर खेकडा येणार नाही.

पोवळ्यांचंही तसंच. प्रकल्पाच्या परिसरात २०,६६८ वसाहती मोजल्या गेल्या आणि त्यातल्या १६,१५० दुसरीकडे हलवायच्या ठरल्या. पोवळी उचलून दुसरीकडे रुजवण्याचे छोटे प्रयोग झालेले आहेत, पण या आकाराचं स्थलांतर ही निराळीच बाब आहे. आदिवासी राखीव क्षेत्रातून ८४.१० चौरस किलोमीटर वगळायचे आणि बदल्यात दुसरीकडचे ७६.९८ चौरस किलोमीटर राखीव करायचे, असाही हिशेब आहे. बेरीज-वजाबाकीत तोटा थोडका दिसतो. मात्र जी जमीन ‘दिली’ जाते आहे तिथे आधीपासून कुणाची पायवाट होती, कुणाच्या बागा होत्या, हा प्रश्न या हिशेबाच्या कोणत्याच रकान्यात येत नाही.

आणि कासवं-मेगापोड यांची भरपाई म्हणून २०२२मध्ये तीन नवी अभयारण्यं पुढे आली: लिटल निकोबारवर लेदरबॅकसाठी, मेंचाल बेटावर मेगापोडसाठी आणि मेरो बेटावर पोवळ्यांसाठी. निसर्गप्रेमी वाचकाला हे वाचून बरं वाटेल. निकोबारी लोकांना मात्र धक्का बसला, कारण ही बेटं त्यांच्या पूर्वजांची आहेत. मेरो आणि मेंचाल त्यांच्यासाठी अद्भुत शक्तींच्या वस्तीची बेटं आहेत. तिथे कधी जायचं, काय घ्यायचं, किती घ्यायचं याचे नियम आहेत आणि ते नियम पाळले जातात म्हणून तिथे कासवंही टिकली आणि पोवळीही. त्यांना न विचारता ही बेटं वनखात्याच्या नकाशावर गेली. एका बेटावरची जमीन बंदराने घेतली, दुसऱ्या बेटांवरची जमीन बंदराच्या प्रायश्चित्ताने. दोन्ही वेळा घेतली ती त्याच माणसांकडून.

ही माणसं कोण? किनाऱ्यावरचे निकोबारी, आतल्या रानातले शोम्पेन. निकोबारी नारळ-सुपारीच्या बागा करतात, डुकरं पाळतात, मोठ्या एकत्र कुटुंबात राहतात; या कुटुंबाला ‘तुहेत’ म्हणतात आणि जमीन असते ती तुहेतची. शोम्पेन २०११च्या जनगणनेत २२९ नोंदले गेले. गॅलथिया, अलेक्झांड्रा, डोगमार या नद्यांच्या खोऱ्यांत ते लहान टोळ्यांनी फिरतात, शिकार करतात, मध काढतात, लहान बागा करतात. बाहेरच्यांपैकी फार थोड्यांना त्यांची भाषा येते. त्यांचं मुख्य अन्न म्हणजे पँडॅनस, आपल्या केवड्याच्या कुळातलं झाड. त्याचं फळ माणसाच्या डोक्यापेक्षा मोठं असतं, कच्चं खाता येत नाही. ते बराच वेळ शिजवून, धाग्यांमधला गर खरवडून काढून, त्याचा लगदा करतात. मातीचं किंवा लोखंडाचं भांडं नसताना शोम्पेन त्यासाठी झाडाच्या सालीचं भांडं करत आले आहेत, त्याला आतून ओल राहील अशा बेताने आचेवर ठेवून. पँडॅनसची बनं ज्या ओलसर सखल भागात असतात त्यांतला बराचसा भाग नव्या शहराच्या हद्दीजवळ आहे.

तिसरा समाज बाहेरून आलेला. १९६९ ते १९८० या काळात केंद्र सरकारने सुमारे ३३० माजी सैनिकांची कुटुंबं पूर्व किनाऱ्यावर वसवली. पंजाब, केरळ, तामिळनाडू यांच्याबरोबर महाराष्ट्रातलीही कुटुंबं त्यांत होती. जंगल साफ करून त्यांनी गोविंद नगर, लक्ष्मी नगर, विजय नगर, शास्त्री नगर अशी गावं उभी केली. पोर्ट ब्लेअरची बोट वेळेवर मिळत नाही, गंभीर आजाऱ्याला हेलिकॉप्टरची वाट बघावी लागते, या त्यांच्या तक्रारी रास्त आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना प्रकल्प हवा आहे, आणि काहींची शेती त्याच प्रकल्पात जाते. चांगलं रुग्णालय आणि नेमाने येणारी बोट यांसाठी साडेतीन लाखांचं शहर लागत नाही, हे मात्र त्यांनाही ठाऊक आहे.

शोम्पेनांबाबत सरकारचं स्वतःचं धोरण २०१५चं आहे. ग्रेट निकोबारवर मोठे विकासप्रकल्प येतील तेव्हा शोम्पेनांचं हित आणि त्यांच्या समाजाची अखंडता यांना अग्रक्रम द्यावा, असं त्यात म्हटलं आहे. त्यांची संमती कुणी दिली? वनहक्कांच्या कागदांत ती आदिम जमातींच्या कल्याणासाठी असलेल्या सरकारी संस्थेमार्फत आली. ज्यांच्याशी बोलायला दुभाषा मिळणं मुश्कील, त्यांच्या वतीने प्रशासनाने प्रशासनालाच होकार दिला. निकोबारींच्या बाबतीत निदान सही त्यांची होती. लिटल आणि ग्रेट निकोबारच्या आदिवासी परिषदेने ऑगस्ट २०२२मध्ये ना हरकत पत्र दिलं आणि नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतलं. आपल्याला पूर्ण माहिती दिलीच नव्हती, असं कारण लेखी कळवून. पत्र मागे आलं तरी मंजुरी तशीच राहिली. याच देशात २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ओडिशातल्या नियमगिरीच्या बारा ग्रामसभांना विचारलं गेलं होतं. बाराही ग्रामसभांनी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीला नाही म्हटलं आणि खाण झाली नाही.

संमतीचा आग्रह इथे इतका का धरायचा, याचं उत्तर अंदमानच्या इतिहासात आहे. १८५८मध्ये इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत केली तेव्हा ग्रेट अंदमानी जमातींची संख्या हजारांत होती. लढायांत गेले त्यापेक्षा कितीतरी जास्त साथींत गेले. १८७७ची गोवराची साथ त्यांतलीच. १९६१च्या जनगणनेत ते १९ उरले होते. लिटल अंदमानवरचे ओंगे १९०१मध्ये ६७२ मोजले गेले; त्यांच्या बेटावर स्वातंत्र्यानंतर बाहेरच्या वस्त्या आल्या, लाकूडतोड आली, आणि आज ते शंभर-सव्वाशेच्या घरात आहेत. त्यांतले आठ जण डिसेंबर २००८मध्ये किनाऱ्यावर वाहून आलेलं रसायन दारू समजून प्यायल्याने दगावले. ज्या समाजात एकूण माणसंच शंभर, तिथे आठ म्हणजे एक अख्खी पिढी उणी होण्यासारखं. शोम्पेनांच्या अंगात बाहेरच्या रोगांविरुद्धची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यामुळे फेब्रुवारी २०२४मध्ये वंशसंहाराचा अभ्यास करणाऱ्या ३९ तज्ज्ञांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून हा प्रकल्प शोम्पेनांसाठी प्राणघातक ठरेल असं बजावलं. शब्द जड आहे. पण बेटावर लोकसंख्या चाळीस पटींनी वाढवल्यावर २२९ माणसांना रोगांपासून कसं वेगळं ठेवायचं, हे मूल्यांकनाच्या कागदांतून समाधानकारक कळत नाही. कुंपण घालण्याचीही सूचना त्यांत आहे.

उलट बाजूचा दाखला अंदमानातल्याच जारवा जमातीचा. त्यांच्या रानातून जाणारा अंदमान ट्रंक रोड बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २००२मध्ये दिला. त्या खटल्यामागे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, पुण्याची ‘कल्पवृक्ष’ आणि अंदमानातली स्थानिक पर्यावरणसंस्था होती. ‘कल्पवृक्ष’चे पंकज सेखसरिया तेव्हापासून या बेटांवर लिहीत आले आहेत आणि ग्रेट निकोबारच्या प्रकल्पाचे कागद धुंडाळून लोकांपुढे मांडण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. रस्ता काही बंद झाला नाही. पर्यटकांच्या गाड्यांचे ताफे त्यावरून जातच राहिले. पण २००४च्या धोरणाने जारवांच्या आयुष्यात कमीत कमी ढवळाढवळ करायचं ठरलं आणि ते बऱ्यापैकी पाळलं गेलं. २००१मध्ये २४० असलेले जारवा २०११मध्ये ३८० झाले. फारसा खर्च न करता मिळालेलं हे यश कोणत्याच जाहिरातीत दिसत नाही.

बेट रिकामं आहे असं आधी कागदावर ठरवायचं आणि मग ते खरोखर रिकामं करायचं, हे जगात नवं नाही. १९६८ ते १९७३ या काळात ब्रिटनने दिएगो गार्सियासह चागोस बेटांवरून तिथले सगळे रहिवासी हलवले, कारण अमेरिकेला तिथे लष्करी तळ हवा होता. पिढ्यान्‌पिढ्या तिथे जन्मलेल्यांना कंत्राटी मजूर ठरवलं गेलं. २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोसवरचा ब्रिटनचा ताबा बेकायदा असल्याचं मत दिलं. तोवर तिथे जन्मलेल्यांपैकी बरेच जण मॉरिशसमध्ये मरण पावले होते.

भूकंपाबद्दल थोडंच सांगतो, कारण ते स्वयंस्पष्ट आहे. हा देशातल्या सर्वाधिक धोक्याच्या भूकंपपट्ट्यातला भाग. २६ डिसेंबर २००४ला बेटाच्या दक्षिण टोकावरच्या इंदिरा पॉइंटची जमीन सुमारे सव्वाचार मीटर खाली गेली. १९७२मध्ये उभारलेला तिथला दीपस्तंभ तेव्हापासून पाण्यात उभा आहे. नव्या बंदराची जागा तिथून जवळच आहे.

त्याच दिवशी दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावरची निकोबारींची चिंगेन्ह, पुलो भा, इन हाएंग लोई ही गावं वाहून गेली. वाचलेल्यांना प्रशासनाने कॅम्पबेल बेजवळच्या राजीव नगर आणि न्यू चिंगेन्ह इथल्या वस्त्यांत आणून ठेवलं, तात्पुरतं म्हणून. बागा दूर राहिल्या, डुकरांना जागा नाही, कित्येकांना रोजंदारीवर जावं लागलं. आम्हाला आमच्या गावांना परत जाऊ द्या, अशी मागणी ते तेव्हापासून करत आले आहेत. परिषदेने नोव्हेंबर २०२२मध्ये संमती मागे घेतली त्याचं मुख्य कारणही हेच होतं: जिथे परतण्यासाठी ते इतकी वर्षं अर्ज करत होते त्या गावांची जमीनसुद्धा प्रकल्पासाठी राखीव क्षेत्रातून वगळली जाणार आहे, हे त्यांना होकार देऊन झाल्यावर समजलं.